फियास्को: आधी नातं, मग माणूस

रोलप्लेइंग गेमच्या, म्हणजे एकेक पात्र वठवत मिळून गोष्ट रचण्याच्या खेळाच्या, टेबलावर अनाथांचा भरणा भलताच असतो. गाव जाळलेलं, आईवडील मारले गेलेले, भावाबहिणींचा पत्ता नाही आणि लग्नाचं तर नावच नको. खेळाडू असं का करतात ते उघड आहे. घरचं माणूस कागदावर आलं की गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, दोन-तीन सेशनांत (बैठकींत) त्याला पळवून नेणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मग चार जण चार सुट्या कहाण्या घरून लिहून आणतात आणि ही मंडळी एकत्र का फिरतायत, याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

जेसन मॉर्निंगस्टार यांचा 'फियास्को' या दुखण्याच्या मुळावरच घाव घालतो. बुली पल्पिट गेम्सने हा खेळ २००९ मध्ये काढला आणि टेबलावरच्या खेळांसाठीचा २०११ चा डायना जोन्स पुरस्कार त्याला मिळाला. गेम मास्टर नाही, पात्रांचे आकडे नाहीत, घरून काही लिहून आणायचं नाही. तीन ते पाच जण, दोन रंगांचे फासे, इंडेक्स कार्डं आणि तीनेक तास एवढंच लागतं. हाव मोठी आणि अक्कल बेताची अशा माणसांचा छोटासा बेत कसा अंगाशी येतो, त्याची ही गोष्ट. पात्राचं नाव, वय, धंदा यातलं काहीही ठरण्याआधी शेजारी बसलेल्या दोघांमधलं नातं ठरतं. हे परीक्षण मुख्यतः मूळ पुस्तकी आवृत्तीचं आहे. कार्डांच्या पेटीबद्दल शेवटी थोडं.

इतर खेळांनी हाच प्रश्न कसा हाताळला, ते आधी पाहून घेऊ. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत २०१४ साली प्रत्येक बॅकग्राउंडला (पात्राच्या पूर्वायुष्याला) 'बाँड'चा, म्हणजे जिव्हाळ्याच्या धाग्याचा, तक्ता जोडलेला होता. पण तो बाँड एकट्याचा असायचा, कुठल्या मठाशी नाहीतर गुरूशी. शेजारच्या खेळाडूला त्याचं सोयरसुतक नसायचं, आणि २०२४ च्या सुधारित पुस्तकातून ते तक्तेही गेले. 'डन्जन वर्ल्ड'मध्ये बाँडच्या वाक्यात दुसऱ्या पात्राचं नाव भरावं लागतं आणि सेशनअखेर तो बाँड मिटला तर अनुभवाचा गुण मिळतो. हे पुष्कळ बरं, फक्त वाक्य एकाच बाजूने लिहिलेलं असतं. 'फेट कोअर'मध्ये प्रत्येकाने आणखी दोघांच्या जुन्या साहसात स्वतःला घुसवायचं असतं. त्यातून पार्श्वभूमी खरोखर सामायिक होते, पण ती बहुधा 'याने मला दरोडेखोरांपासून सोडवलं' इथवरच येऊन थांबते. सासू, सावत्र भाऊ, घटस्फोटित बायको अशी माणसं त्यातून क्वचितच निघतात.

आता फियास्कोची मांडणी. प्रत्येक खेळाडूमागे चार फासे, दोन पांढरे आणि दोन काळे. चौघांचे सोळा फासे मधोमध एकदम टाकायचे. समोर 'प्लेसेट' असतो, म्हणजे एका ठिकाणाचे आणि वातावरणाचे चार तक्ते: नाती, गरजा, वस्तू, ठिकाणं. मूळ पुस्तकात असे चार प्लेसेट आहेत: अमेरिकेच्या दक्षिणेतलं लहान गाव, वाइल्ड वेस्ट, उपनगर आणि अंटार्क्टिकावरचं संशोधन केंद्र. प्रत्येक तक्त्यात सहा गट आणि प्रत्येक गटात सहा तपशील. आपली पाळी आली की ढिगातला एक फासा उचलायचा आणि त्यावरचा आकडा वापरून कुठल्याही दोन शेजाऱ्यांच्या मधल्या कार्डावर एक गोष्ट लिहायची, गट किंवा तपशील. या टप्प्यात रंगाला अर्थ नाही, फक्त आकडा मोजायचा. शेवटचा उरलेला फासा कुठलाही आकडा मानता येतो.

हिशोब चोख बसतो. शेजाऱ्यांच्या प्रत्येक जोडीला एक नातं, म्हणजे गट आणि तपशील मिळून दोन फासे. त्या नात्याला जोडलेली एक गरज, वस्तू किंवा जागा, तिचे आणखी दोन. जोडीमागे चार फासे आणि खेळाडू जितके तितक्याच जोड्या. फासे संपले की मांडणी संपली.

अ, ब, क, ड असे चौघे घड्याळाच्या दिशेने बसलेत असं धरू. अ '१' पडलेला फासा उचलून अ-ब च्या कार्डावर 'कुटुंब' लिहितो. त्याच्या मनात सख्खे भाऊ आहेत. पण तपशील ठरण्याआधीच ड ची पाळी येते. ड चा त्या कार्डाशी काही संबंध नाही, तरी तो तिथे तपशील भरू शकतो, आणि तो 'सावत्र बाप आणि मुलगी' भरतो. आता अ आणि ब यांना आपल्यातला बाप कोण आणि मुलगी कोण हे ठरवावं लागतं. खेळाची खरी गंमत इथेच आहे. खऱ्या आयुष्यातले नातेवाईक कोण निवडून घेतो? इथेही ते दुसराच कुणीतरी गळ्यात टाकतो. नातं दोघांच्या मधल्या कार्डावर असल्यामुळे ते कुणा एकाच्या मालकीचं नसतं आणि एकट्याला ते गुपचूप विसरताही येत नाही.

दोन्ही बाजूंची कार्डं भरली की पात्र आपोआप उभं राहतं. ब च्या एका हाताला सावत्र बाप, दुसऱ्या हाताला क, ज्याच्यासोबत तिने कधीकाळी गाडी चोरलेली. मधल्या कार्डावर गरज: 'या गावातून कायमचं सुटणं'. ब कोण, तिचं वय काय, कुठे कामाला आहे, हे आता दोन मिनिटांत ठरतं, आणि ठरलेलं सगळं किमान दोघांच्या उपयोगाचं असतं.

मांडणीत काय बिघडतं, ते सविस्तर सांगायला हवं, कारण फसलेल्या खेळांचं कारण बहुतेकदा पहिल्या अर्ध्या तासात सापडतं.

पहिली अडचण साखळीची. अ-ब 'सख्खी भावंडं' आणि ब-क 'बाप-लेक' असं पडलं आणि क बाप ठरला, की तो अ चाही बाप होतो, कार्डावर लिहिलं नसलं तरी. तिघांचाच खेळ असेल तर क-अ च्या मध्ये वेगळं कार्ड असतं, आणि तिथे 'जुने प्रेमी' आलं तर टेबल अवघडून बसतं. उपाय म्हणजे कुटुंबाचा गट दुसऱ्यांदा टाकण्याआधी थांबून नातं पूर्ण गोलात फिरवून पाहायचं. चौघांत कुटुंबाची दोन कार्डं पुरे. ती लागून आली तर मधला माणूस दोन घरांचा दुवा होतो, जसं एका बाजूला भाऊ आणि दुसऱ्या बाजूला सासरा. समोरासमोर आली तर दोन स्वतंत्र घरं तयार होतात आणि त्यांच्यात धंद्याचं किंवा गुन्ह्याचं नातं येतं. दुसरी रचना नवख्यांना सोपी जाते. चारही कार्डांवर कुटुंब टाकलं तर बाहेरचा दाबच उरत नाही आणि खेळ कौटुंबिक मालिकेच्या वळणावर जातो. काहींना तेच हवं असतं म्हणा.

दुसरी अडचण फाशांच्या टंचाईची. ज्या प्लेसेटमध्ये 'कुटुंब' पहिल्या क्रमांकावर आहे तिथे ते हवं असेल तर एकचा फासा हवा. सोळा फाशांत एकही एक न पडण्याची शक्यता सुमारे ५ टक्के, तिघांच्या बारा फाशांत सुमारे ११ टक्के. पडलेले एकचे फासेही इतर तक्त्यांसाठी उचलले जातात. म्हणून ज्याला घरची गोष्ट खेळायची आहे त्याने आपल्या पहिल्याच पाळीत गट टाकून मोकळं व्हावं. तपशिलात सहाही पर्याय साधारण तोडीचे असतात, तिथे घाई नको.

तिसरी अडचण गरजेची. वस्तू आणि ठिकाणं गमतीदार असतात, म्हणून सगळे त्यांच्यावर तुटून पडतात आणि गरज एकच राहते. मग सीनमध्ये पात्रं नुसती बोलत बसतात. तिन्ही प्रकार किमान एकेक हवेतच. चौथं कार्ड उरलं तर तिथेही गरजच टाकावी, आणि ती कुटुंबाच्या कार्डाला जोडावी. 'श्रीमंत होणं' एवढ्याने काही हलत नाही. 'बाप मरायच्या आत त्याच्याकडून पैसे काढणं' म्हटलं की पहिला सीन तयार.

चौथी गोष्ट खेळाडूंच्या संख्येची, आणि इथे रचनेचीच मर्यादा दिसते. नाती फक्त शेजाऱ्यांत असतात. तिघांत तीन जोड्या आणि तिन्ही बांधलेल्या. चौघांत सहा जोड्या शक्य, त्यातल्या चार बांधलेल्या. पाच जणांत दहा, आणि बांधलेल्या पाचच. म्हणजे पाचव्या माणसासोबत निम्मं टेबल एकमेकांना अनोळखी होतं, आणि पहिल्या अंकात दोन वेगळ्या गोष्टी समांतर चालू लागतात. तिघांचा खेळ घट्ट होतो पण कुणालाच सीनबाहेर बसून श्वास घ्यायला मिळत नाही. चार हा आकडा सगळ्यांत बरा. पाच जण असतीलच तर एक वस्तू किंवा जागा अशी निवडा की जी सगळ्यांच्या वाटेत येईल.

खेळाचा पुढचा भाग थोडक्यात. मांडणी झाली की फासे पुन्हा मधे जातात. पहिल्या अंकात प्रत्येकाचे दोन सीन, दुसऱ्यात दोन. आपल्या पाळीला एकच निवड करायची: सीन स्वतः मांडायचा की शेवट स्वतः ठरवायचा. स्वतः मांडला तर तो चांगला संपतो की वाईट, ते बाकीचे पांढरा किंवा काळा फासा देऊन ठरवतात. शेवट आपल्या हाती ठेवला तर सीन बाकीचे मांडतात, म्हणजे ते तुम्हाला तुमच्या सावत्र बापासमोर नेऊन उभं करणार हे धरून चाला. पहिल्या अंकात मिळालेला फासा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायचा, दुसऱ्या अंकात स्वतःकडे ठेवायचा. दोन अंकांच्या मध्ये 'टिल्ट' येतो. हातातले फासे टाकून ज्याचा पांढरा आकडा सर्वांत मोठा आणि ज्याचा काळा, असे दोघे मिळून गोंधळ, शोकांतिका, निरागसता, अपराध, संशय, अपयश या गटांतून दोन संकटं निवडतात. इथून घराचे वासे फिरायला लागतात.

शेवटी प्रत्येक जण आपले फासे टाकून पांढऱ्यांची आणि काळ्यांची बेरीज करतो आणि मोठ्यातून लहान वजा करतो. उत्तर जितकं मोठं तितका पात्राचा शेवट बरा, मग तो पांढऱ्याचा असो की काळ्याचा. शून्य म्हणजे पुरता सत्यानाश. एकाच रंगाचे चार फासे असतील तर सरासरी चौदा येते. दोन-दोन असतील तर उत्तर तीन किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के, आणि नेमकं शून्य येण्याची सुमारे ११ टक्के. म्हणून पहिल्या अंकात सख्ख्या भावाच्या हातात पांढऱ्यांशेजारी एक काळा फासा हसत हसत सरकवणं ही या खेळातली अस्सल भाऊबंदकी. दिसायला ती भेट असते.

वेळेचा अंदाज आधीच घ्या. चौघांचे सोळा सीन होतात. मांडणीला अर्धा तास, टिल्टला दहा मिनिटं आणि शेवटाला पंधरा धरली, तर पावणेतीन तासांत संपवायला सीनमागे सात मिनिटं मिळतात. बहुतेक टेबलं पहिल्या दोन सीनना वीस-वीस मिनिटं देतात आणि मग दुसरा अंक गुंडाळतात. फासा उशिरा देणं हे यामागचं मोठं कारण. निकालाचा फासा सीनच्या मध्यावरच न बोलता पुढे सरकवावा. रंग दिसला की खेळणाऱ्याला कुठे पोहोचायचं ते कळतं आणि दोन वाक्यांत सीन मिटतो.

आणखी एक सवय मोडायला हवी: पहिल्या अंकातच कुणालातरी मारणं. नियमांना हे चालतं, मेलेलं पात्र फ्लॅशबॅकच्या सीनमध्ये येऊही शकतं. पण पहिल्या अंकात बाप मेला की त्याच्या दोन्ही बाजूंची कार्डं लंगडी पडतात, आणि दोन शेजाऱ्यांची निम्मी गोष्ट जाते. घरच्या नात्यात मारामारीपेक्षा उधारी, खोटी सही आणि लपवलेलं पत्र जास्त काम करतं.

विषय नात्यांचा असल्याने हे अंगावर येऊ शकतं. सुरुवातीलाच काय टेबलावर नको ते बोलून घ्या, आणि मधोमध एक्स-कार्ड ठेवा. त्याला कुणी हात लावला की तो धागा तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. मुलांवरचा अत्याचार आणि कुटुंबातलं लैंगिक नातं हे दोन विषय बहुतेक टेबलं आधीच वगळतात. तक्त्यांमधून अशी जोडी योगायोगानेही तयार होऊ शकते, त्यामुळे हे पाऊल गाळू नका.

खेळ मराठीत खेळायला नियमांची काहीच आडकाठी नाही, पण अमेरिकेतल्या लहान गावाचे तपशील मराठी तोंडात बसत नाहीत. पुस्तकात स्वतःचा प्लेसेट कसा लिहावा यावर मार्गदर्शन आहे, आणि ते खरोखर वापरण्याजोगं आहे. चार तक्ते, सहा गट, सहा तपशील, म्हणजे १४४ नोंदी. एका माणसाने लिहायला घेतल्या तर साठाव्या नोंदीपाशी दम लागतो. चौघांनी एकेक तक्ता वाटून घ्यावा. नोंद अर्धवट असली पाहिजे, म्हणजे तिच्यात प्रश्न असावा आणि उत्तर नसावं. 'भाऊ-भाऊ' ही नोंद मेलेली आहे. कोकणातल्या एका सामाईक घरावर प्लेसेट करायचा तर कुटुंबाच्या गटातले सहा तपशील असे लिहिता येतील: एकाच सातबाऱ्यावर नाव असलेले चुलता-पुतण्या, एकमेकांशी न बोलणारे साडू, एका चुलीवरून दोन चुली केलेल्या जावा, आत्या आणि तिने वाढवलेला भाचा, मुलांच्या लग्नात मानपानावरून बिनसलेल्या विहिणी, दत्तक गेलेला भाऊ आणि घरी राहिलेला भाऊ.

वस्तूंमध्ये सही न झालेलं हक्कसोडपत्र हवंच. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, त्यामुळे मुंबईला दिलेल्या आत्याच्या एका सहीवर अख्खा खेळ उभा राहतो. ठिकाणांत पडवी, तलाठ्याचं ऑफिस, एसटी स्टँड आणि मागची विहीर. गुन्ह्याचा गट मात्र हलकाच ठेवा: आंब्याच्या पेट्यांचे परस्पर उचललेले पैसे पुरेत. बंदूक आली की सगळे तिच्याकडेच बघत बसतात.

नातेवाईक देशोदेशी पांगलेले असतात तसेच खेळाडूही, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर खेळणारे गट बरेच. तिथे बसण्याचा गोल नसतो, आणि या खेळात तर शेजारावरच सगळं चालतं. सामायिक शीटवर वर नावं गोलाच्या क्रमाने लिहा, दोन नावांच्या मध्ये कार्डाचा रकाना ठेवा, आणि पहिल्या नावाची शेवटी पुनरावृत्ती करा. नाहीतर चौथ्याचं आणि पहिल्याचं नातं हमखास विसरलं जातं.

कुणी हा खेळ घेऊ नये? महिनोन्‌महिने चालणारी मोहीम हवी असेल त्यांनी. पात्रं इथे एका बैठकीत जळून खाक होतात, पुढच्या वेळी नवी मांडणी. पात्र 'वाढवण्यात' ज्यांना रस आहे त्यांनाही हे रुचणार नाही. पण अशा गटांनी मांडणीचा भाग तेवढा उचलावा. डंजन्स अँड ड्रॅगन्सची मोहीम सुरू करण्याआधी याच पद्धतीने चौघांमधली चार नाती पाडून घ्या, आणि मग प्रत्येकाला क्लास (पात्राचा पेशा) आणि बॅकग्राउंड निवडू द्या. अर्ध्या तासाचं काम आहे. एकच बदल करा: सूड आणि फसवणूक अशा गरजा काढून तिथे 'कुणाला तरी शोधणं', 'कर्ज फेडणं', 'घराण्याचं नाव परत मिळवणं' असं काही ठेवा, नाहीतर मोहीम तिसऱ्या आठवड्यात आपसातच संपेल.

आवृत्तीचं म्हणाल तर २०२० च्या पेटीत फासे गेले आणि त्यांच्या जागी कार्डं आली. आत तीन प्लेसेट आहेत. नवख्यांना ती लवकर समजते, कारण तक्त्यात बोट फिरवत आकडा शोधावा लागत नाही. पण दुसऱ्याच्या हातात नकोसा रंग सरकवण्याची मजा फाशांतच आहे, आणि स्वतःचा प्लेसेट लिहायचा तर साध्या कागदावरचे तक्ते कार्डांपेक्षा कितीतरी सोपे. जुन्या आवृत्तीची पीडीएफ मिळते आणि तिच्यासाठीचे पुष्कळ प्लेसेट प्रकाशकाने फुकट ठेवलेत. घ्यायची तर ती घ्या. दोन रंगांचे फासे सहज मिळाले नाहीत तर लुडोचे वीस पांढरे फासे घेऊन त्यातल्या दहांच्या कडा परमनंट मार्करने काळ्या करा. ठिपक्यांना शाई लागू देऊ नका, शेवटच्या बेरजेत घोळ होतो.